फरशीखालचा थर

शीतगृह बांधायचं ठरलं की मालकाच्या टेबलावर फायली जमू लागतात : कॉम्प्रेसरची, पॅनेलची, वीजजोडणीची, अनुदानाची. फरशीखाली काय घालायचं याची वेगळी फाईल नसते. तो विषय सिव्हिल कंत्राटदाराच्या अंदाजपत्रकात एका ओळीत उरकलेला असतो : ‘फ्लोअर इन्सुलेशन, थर्माकोल, 100 मिमी.’ घनता लिहिलेली नसते, ते किती दाब सोसेल हे लिहिलेलं नसतं, डांबर कुठल्या ग्रेडचं आणि पॉलिथिन किती मायक्रॉनचं हेही नसतं. पुढची पंचवीस-तीस वर्षं चेंबरची जमीन या एका ओळीवर उभी राहणार असते. ही पुस्तिका त्या ओळीसाठी लिहिली आहे.

भिंतीचं पॅनेल ट्रॉलीची धडक बसून फाटलं, छताच्या जोडातून पाणी ठिबकू लागलं, तर ते दिसतं आणि हंगाम संपल्यावर दुरुस्त करता येतं. फरशीचं तसं नाही. थर अंथरला, वर काँक्रीट पडलं, ट्रीमिक्स करून (म्हणजे जादा पाणी शोषून काढून) घोटलं, की खाली काय आहे हे सांगायला फक्त बिल उरतं. काही चुकलं असेल तर माल हलवायचा, चेंबर हळूहळू बाहेरच्या तापमानाला आणायचं, ब्रेकर लावून काँक्रीट फोडायचं, ओला झालेला थर उपसायचा आणि सगळं पहिल्यापासून करायचं. तासगाव-सांगलीच्या बेदाण्याच्या किंवा पिंपळगाव-दिंडोरीच्या द्राक्षाच्या शीतगृहाला एक चेंबर इतके दिवस बंद ठेवणं परवडत नाही. म्हणून बिघडलेली फरशी तशीच वापरली जाते आणि तिची किंमत दर महिन्याच्या वीजबिलात जात राहते. माझं मुख्य म्हणणं यातूनच निघतं. फरशीखालचं साहित्य माहितीपत्रकातल्या उष्णतारोधकतेच्या आकड्यावरून निवडू नये. वजनाखाली, ओलीत आणि वीस वर्षांनंतर ते कसं राहील, यावरून निवडावं.

तो आकडा, म्हणजे बाजारात ज्याला ‘के व्हॅल्यू’ म्हणतात तो, समजायला अवघड नाही. एक मीटर जाडीच्या थराच्या दोन बाजूंमध्ये एका अंशाचा फरक असेल तर एका चौरस मीटरमधून किती वॅट उष्णता जाईल, एवढंच तो सांगतो. जितका लहान तितका चांगला. काँक्रीटचा दीडच्या आसपास, थर्माकोलचा सुमारे 0.036, एक्सपीएसचा 0.030 च्या आगेमागे, पफचा काही वर्षं मुरल्यानंतर 0.025, फोमग्लासचा 0.040 च्या जवळ. स्तब्ध हवेचा आकडाही 0.025 च्याच आसपास आहे, आणि हे सगळे पदार्थ म्हणजे मुख्यतः कोंडलेली हवा किंवा वायूच. थर्माकोलमध्ये घनफळाच्या जवळजवळ 98 टक्के हवा असते. आता याच मापाने पाण्याकडे पाहावं : 0.6. आणि बर्फाकडे : 2.2. कोंडलेल्या हवेच्या जागी पाणी शिरलं आणि ते गोठलं, तर पैसे देऊन आणलेला थर त्या जागी काँक्रीटपेक्षाही जास्त उष्णता वाहून नेऊ लागतो. फरशीखालच्या साहित्याची तुलना मी पाण्यापासून सुरू करतो, ती यामुळेच.

आधी या पदार्थांची थोडी ओळख. फेसाळ प्लॅस्टिक येण्यापूर्वी जगभरातल्या शीतगृहांत बुचाच्या लाद्या वापरल्या जात. आपल्या देशातल्या जुन्या बटाट्याच्या शीतगृहांत भिंती आणि छत भाताच्या तुसाने भरलेलं असे. तुसाला भार सोसत नाही, त्यामुळे फरशीखाली त्याचा उपयोग नव्हता. पुढचा इतिहास मला नेहमीच मोह घालतो. स्टॉकहोमला विद्यार्थिदशेतच, 1922 साली, कार्ल मुंटर्स आणि बाल्टझार फॉन प्लाटेन यांनी कॉम्प्रेसरविना चालणारा, नुसत्या उष्णतेवर थंडावा देणारा फ्रिज तयार केला. त्याच मुंटर्सने पुढे पॉलिस्टायरिनला फेस आणून ताठ, बंद पेशींचं साहित्य बनवण्याची पद्धत शोधली. 1940 च्या दशकात अमेरिकेतल्या डाऊ कंपनीने ती पद्धत हाती घेतली आणि तिच्यातून आजचं एक्सपीएस आलं. थंडी तयार करणारा आणि ती कोंडून ठेवणारा माणूस एकच. थर्माकोल, म्हणजे मणी फुगवून साच्यात वाफेने चिकटवलेलं पॉलिस्टायरिन, जर्मनीत बीएएसएफच्या प्रयोगशाळेत 1950 च्या सुमाराला आकाराला आलं. पॉलियुरेथेनचं रसायन ओटो बायर यांनी लेव्हरकुसेनला 1937 साली शोधलं. त्याच्या ताठ फेसाला आपण पफ म्हणतो. काचेचा फेस करून बनवलेलं फोमग्लास हेही त्याच दशकातलं.

थर्माकोल आपल्याकडे गणपतीच्या मखरामुळे घराघरात माहीत झालं आणि 2018 च्या राज्यातल्या बंदीमुळे बदनामही झालं. शीतगृहाच्या फरशीत ते मला अजूनही योग्य वाटतं, पण एका अटीवर. थर्माकोल हा एक माल नाही. घनमीटरला 12 किलोपासून 30 किलोपर्यंत वेगवेगळ्या घनतेचे ते वेगवेगळे माल आहेत, आणि दुकानात सगळे सारखेच पांढरे दिसतात. उष्णतारोधकतेत त्यांच्यात फारसा फरक पडत नाही. भाराखाली मात्र प्रचंड पडतो.

हिशेब करून पाहू. घनमीटरला 500 किलो भरेल असा माल 5 मीटर उंच रचला तर चौरस मीटरला अडीच टन भार येतो, म्हणजे 25 किलोपास्कल. त्याखालच्या 150 मिमी काँक्रीटचं स्वतःचं वजन साडेतीन किलोपास्कलपेक्षा थोडं जास्त. मिळून साधारण 28-29. हा भार एका दिवसाचा नाही, महिनोन् महिने तसाच बसून राहणारा आहे, आणि असा भार घेताना थर्माकोल एक टक्क्यापेक्षा जास्त दबू देऊ नये असा शहाणा नियम आहे. एक टक्का दबण्याची मर्यादा 12 किलोच्या मालाला सुमारे 15 किलोपास्कल आहे, 15 किलोच्या मालाला 25, आणि 19-20 किलोच्या मालाला 40. म्हणजे ‘थर्माकोल, 100 मिमी’ एवढ्याच ओळीवर 12 किंवा 15 किलोचा माल आला तर फरशी पहिल्याच हंगामात मर्यादेबाहेर गेलेली असते. माहितीपत्रकात जो मोठा आकडा छापतात, तो दहा टक्के दाबल्यावरचा, प्रयोगशाळेतला, काही मिनिटांचा असतो. 15 किलोच्या मालाला तो 70 किलोपास्कल दिसतो आणि मालक निर्धास्त होतो. दहा टक्के म्हणजे 100 मिमीच्या थरात 10 मिमी. एवढं वरचं काँक्रीट खाली बसलं तर त्याला तडे जाणारच.

घनता ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. साइटवर आलेल्या गाडीतून एक मीटर बाय अर्धा मीटर, 50 मिमी जाडीची शीट घ्यावी आणि वजनकाट्यावर ठेवावी. 20 किलो घनतेची असेल तर ती 500 ग्रॅम भरते. 15 ची असेल तर 375. 12 ची असेल तर 300. शीट कोरडी हवी आणि मापं टेपने मोजलेली हवीत, कारण 48 मिमीची शीट 50 म्हणून येते. मग तीच शीट गुडघ्यावर मोडून पाहावी. चांगल्या मालात तडा मण्यांच्या पोटातून जातो, अर्धे मणी एका बाजूला आणि अर्धे दुसऱ्या बाजूला राहतात. मणी अख्खेच्या अख्खे सुटून हातावर गळले तर ते नीट चिकटलेले नाहीत. वाफ कमी पडली आहे किंवा जुना माल दळून मिसळला आहे. अशा शीटच्या मण्यांमधल्या फटींतून पाणी वाट काढतं. गाडी परत पाठवावी. हे काम मी साइटवर मालकाच्या देखत करतो, कारण एकदा स्वतःच्या हाताने मोडून पाहिलेली शीट मालक पुढे विसरत नाही.

एक्सपीएस या बाबतीत सोपं आहे. ते साच्यात मणी भरून बनत नाही, एकसंध लाटेसारखं मशीनमधून बाहेर येतं, त्यामुळे मण्यांमधल्या फटी नसतात आणि पाणी फार कमी शिरतं. 300 किलोपास्कलचा माल सहज मिळतो, आणि कायमच्या भारासाठी त्यातले 100 ते 130 किलोपास्कल धरता येतात. ते थर्माकोलपेक्षा महाग पडतं. ते विकणारे सांगतात की थर्माकोल जमिनीत पाणी पिऊन निकामी होतंच. याच्याशी मी पूर्ण सहमत नाही. पाण्यात बुडवून ठेवलं तर थर्माकोल एक्सपीएसपेक्षा जास्त पाणी घेतं हे खरं. पण फरशी म्हणजे हौद नव्हे. खाली दगडी सोलिंग असेल, पाणी निघून जायला वाट असेल आणि व्हेपर बॅरियर सलग असेल, तर चांगल्या घनतेचं थर्माकोल टिकतं. स्वीडनमध्ये घरांच्या फरशीखाली 300 मिमी थर्माकोल घालणं ही नेहमीची पद्धत आहे. माझा अनुभव असा की आपल्याकडे फरशा ओल्या होतात त्या बहुधा व्हेपर बॅरियरच्या कामात झालेल्या हलगर्जीमुळे. साहित्याचा दोष त्यानंतर येतो.

व्हेपर बॅरियर म्हणजे बाष्प अडवणारा थर. तो कायम उबदार बाजूला हवा. आपल्या शीतगृहात उबदार बाजू म्हणजे जमीन, म्हणून तो इन्सुलेशनच्या खाली येतो. थंड देशांतल्या घरांची चित्रं पाहून काम करणाऱ्यांची इथे फसगत होते. तिकडे घर आतून तापवलेलं असतं, त्यामुळे पॉलिथिन बहुतेक वेळा इन्सुलेशनच्या वर, काँक्रीटला लागून घालतात. तोच नकाशा उणे वीस अंशाच्या चेंबरला लावला तर जमिनीतली वाफ थेट इन्सुलेशनमध्ये शिरते, वर जाऊन गोठते आणि तिथेच राहते. ती पुन्हा बाहेर येण्याचा मार्ग नसतो.

कामाचा क्रम पुस्तिकेत तपशिलाने आहे. इथे एकच गोष्ट सांगतो. शीतगृहात शीट चिकटवायला डांबर 85/25 ग्रेडचं वापरतात. ते कढईत उकळतं असताना थर्माकोलला लावलं की शीट विरघळून खड्डा पडतो, कारण थर्माकोल 80 अंशांच्या पुढे मऊ पडू लागतं. पेट्रोल किंवा तशा द्रावकाचा प्राइमर लावला तरी हीच गत. मग वरून सपाट दिसणाऱ्या थरात खाली पोकळ्या राहतात. डांबर थोडं निवू देऊन, घट्ट व्हायच्या आत शीट दाबून बसवणं ही खरी कारागिरी आहे. शीटचे दोन थर घालायचे, वरच्या थराचे जोड खालच्या थराच्या जोडांवर येऊ द्यायचे नाहीत, आणि भिंतीच्या पॅनेलशी जिथे फरशी मिळते तिथे बॅरियर वर वळवून पॅनेलला सील करायचा. सगळ्यात जास्त गळत्या मला याच कोपऱ्यात दिसल्या आहेत.

पफचा आकडा सगळ्यात आकर्षक. 100 मिमी पफ जितकं काम करतं तितकं करायला थर्माकोल सुमारे 150 मिमी लागतं. मात्र पफच्या पेशींत हवा नसते, तिच्यापेक्षा कमी उष्णता वाहणारा वायू असतो, आणि तो वर्षानुवर्षं हळूहळू निसटत राहतो. कारखान्यातून ताजा आलेला पफ 0.020 दाखवतो, काही वर्षांनी 0.025 वर येतो. हिशेब नव्या आकड्यावर केला तर फरशी पाचवा भाग कमी पडते. थर्माकोलमध्ये हवाच असल्याने त्याचा आकडा असा सरकत नाही, आणि त्याच्या या गुणाबद्दल कोणी फारसं बोलत नाही. वायूचाही स्वतंत्र प्रवास आहे. आधी सीएफसी-11 होता. 1987 च्या मॉन्ट्रियल करारानंतर तो गेला. मग एचसीएफसी-141बी आला. भारतात 1 जानेवारी 2020 पासून तोही बंद झाला. आता सायक्लोपेंटेन आणि इतर पर्याय आहेत. जुन्या शीतगृहाची कागदपत्रं पाहून नव्या पफचे आकडे ठरवू नयेत. आणि भिंतीसाठी आणलेली सँडविच पॅनेलं उरली म्हणून फरशीखाली घालू नयेत. चाकांच्या आणि रॅकच्या पायांच्या भारासाठी ती बनवलेली नसतात.

फोमग्लासबद्दल थोडक्यात. त्यातून वाफ जात नाही, ते जळत नाही, वाळवी लागत नाही आणि भार सगळ्यांपेक्षा जास्त घेतं. द्रवरूप नैसर्गिक वायूच्या उणे 162 अंशांच्या टाक्यांच्या तळाशी म्हणूनच ते वापरलं जातं. आपल्या शीतगृहात किंमत आडवी येते. पण खांबांखाली, जिथे सगळा भार एका जागी येतो, तिथे थोडं का होईना वापरावं. ग्लासवूल आणि रॉकवूल फरशीखाली घालूच नये. वाळवी थर्माकोल आणि एक्सपीएस खात नाही, पण त्यातून बोगदे करते, त्यामुळे भरावावर वाळवीची फवारणी आधी झालेली हवी.

आता या विषयातला सगळ्यात कमी समजलेला भाग. मालकांना वाटतं की आपल्या जमिनीची ऊब हा शत्रू आहे. शून्याच्या वरच्या चेंबरपुरतं ते बरोबर आहे : बेदाण्याच्या 4 अंशाच्या चेंबरखाली 25 अंशाची जमीन असेल तर 100 मिमी थर्माकोलमधून चौरस मीटरला सात-साडेसात वॅट उष्णता वर येते, आणि ती काढायला वीज लागते. पण चेंबर उणे 20 अंशाचं असेल तर धोका उलट्या बाजूने येतो. जमीन हळूहळू थंड होत जाते. मोठ्या फरशीच्या मध्यभागी बाजूच्या मातीतून ऊब पोचायला वेळ लागतो, आणि काही वर्षांत शून्य अंशाची रेषा इन्सुलेशन ओलांडून मातीत उतरते. थर जाड केला तर हे लांबतं, थांबत नाही. मग माती गोठते आणि फुगते.

पाणी गोठताना नऊ टक्के वाढतं, त्याने फरशी उचलली जाते, असं सर्रास सांगितलं जातं. ते अपुरं आहे. अमेरिकेतल्या दक्षिण कॅरोलिनाचे भूशास्त्रज्ञ स्टीफन टेबर यांनी 1930 च्या आपल्या लेखात दाखवलं की मातीत पाण्याऐवजी बेंझीन भरलं, जे गोठताना आकुंचन पावतं, तरी माती फुगते. म्हणजे उचल केवळ प्रसरणाची नाही. बारीक मातीत गोठणारा थर खालच्या ओल्या मातीतून पाणी वर ओढून घेतो, बर्फाची चकती जाड होत जाते, आणि ती वरचं सगळं उचलते. यासाठी लागतं काय? गारवा, पाणी आणि पोयट्यासारखी बारीक माती. तिन्हींपैकी एक काढलं तरी पुरे. काळी माती पूर्ण उपसून स्वच्छ, माती न मिसळलेला मुरूम भरायचा आणि त्यावर सोलिंग करायचं, हा माझा आग्रह म्हणूनच. स्वस्तातला मातकट मुरूम बारीक कणांमुळे पाणी ओढतो.

लक्षणं आधी दारात दिसतात. सरकतं दार घासू लागतं, मग मध्यभागी फरशी फुगते, तिथून चारी बाजूंना तडे जातात, रॅकचे खांब झुकतात. कोकणात मासळी आणि आमरस गोठवणाऱ्या कारखान्यांत तापमान याच उणे वीसच्या पट्ट्यातलं असतं. तिथे समुद्राजवळ भूजल उथळ असलं की माती कायम ओली.

उपाय म्हणजे इन्सुलेशनच्या खाली जमिनीला थोडी ऊब देत राहणं. त्यासाठी विजेच्या तारा किंवा ग्लायकॉलचे पाइप घालतात. कॉम्प्रेसरची फुकट जाणारी उष्णता ग्लायकॉलला देता येते आणि हा मार्ग मला सगळ्यात समंजस वाटतो. तिसरा मार्ग मोकळ्या हवेच्या पाइपांचा. थंड देशांत हिवाळ्यात बाहेरची हवाच शून्याखाली असते, त्यामुळे तिथे तो अर्धवट चालतो. आपल्याकडे महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठच्या काही पहाटांची थंडी सोडली, तर बाहेरची हवा बाराही महिने शून्याच्या बरीच वर असते. हा मोठा फायदा आहे. पण पावसाळ्यातली दमट हवा थंड पाइपात शिरली की पाणी सुटतं, म्हणून पाइपाला एका बाजूला उतार हवा, तोंडाला जाळी हवी, आणि तोंड पुराच्या पातळीच्या वर हवं. उंदीर आणि गाळ यांनी बुजलेले पाइप मी पुष्कळ पाहिले आहेत. दर वर्षी पावसाळ्याआधी आणि नंतर त्यांतून हवा जाते की नाही हे पाहणं हे देखभालीचंच काम आहे.

कुठल्या चेंबरला काय घालावं, याबद्दल मत मागितलं तर मी सांगेन. शून्याच्या वरच्या चेंबरला 20 किलो किंवा जास्त घनतेचं थर्माकोल, दोन थरांत. पफसाठी जादा पैसे घालू नयेत, तेच पैसे बॅरियरच्या कामावर आणि चांगल्या कारागिरांवर घालावेत. गोठवणाऱ्या चेंबरला 300 किलोपास्कलचं एक्सपीएस, किंवा रॅकचा भार कमी असेल तर 40 किलो घनतेचा पफ, आणि खाली उबेची सोय. ती नसेल तर कितीही महाग इन्सुलेशन घालून उपयोग नाही.

एक प्रश्न मात्र उरतो आणि पुस्तिकेचं शेवटचं प्रकरण त्यालाच दिलं आहे. बाजार बदलतो. आज बेदाण्यासाठी बांधलेलं चेंबर पाच वर्षांनी मटार किंवा स्वीटकॉर्न गोठवायला वापरावंसं वाटतं. कॉम्प्रेसर बदलता येतो, पॅनेलवर दुसरं पॅनेल चढवता येतं. खालची जमीन मात्र 4 अंशासाठीच केलेली असते आणि तिच्यात उबेची कुठलीही सोय नसते. म्हणून नवं बांधकाम करणाऱ्या प्रत्येकाने, चेंबर कुठल्याही तापमानाचं असो, सोलिंगवरच्या भरावात पीव्हीसी पाइपांच्या ओळी आत्ताच टाकून ठेवाव्यात आणि दोन्ही टोकं झाकण लावून बंद ठेवावीत. पाइपांचा व्यास, अंतर, उतार आणि तोंडाची उंची मापांसह त्या प्रकरणात दिली आहेत.